मांडी घालून बसता येतंय का? सांधे मोकळे ठेवण्याची रोजची रीत

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात म्हाईला, म्हणजे गावच्या जत्रेला, अजूनही पंगत बसते. दोन वर्षांपूर्वी मांडवात एका अंगाला पट्ट्या अंथरल्या होत्या आणि दुसऱ्या अंगाला, वयस्कर मंडळींसाठी म्हणून, आठ-दहा टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. माझा आत्तेभाऊ 48 वर्षांचा. कोल्हापुरात ऑफिसची नोकरी, रोज पहाटे रंकाळा तलावावर चालायला जाणारा. तो खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभा राहिला. त्याची आई, आमची आत्ती, 74 वर्षांची. ती पंगतीत मांडी घालून निवांत जेवली आणि उष्टं ताट दोन्ही हातांत धरून, कुठंही न टेकता उठली. मी विचारलं तर म्हणाली, "रोज दोन टायमाला म्हशीखाली बसतोय न्हवं, मग अंग धरंल कसं?"

मी अठरा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडं येणाऱ्यांत आत्तेभावासारखे लोक सगळ्यांत जास्त. आजारी नसतात, आळशीही नसतात, पण अंग धरलेलं असतं. पायातल्या चपलेचा पट्टा लावताना श्वास अडकतो, माळ्यावरचा डबा काढताना खांदा नको म्हणतो, देवघरापुढं बसलं की उठायला खांबाचा आधार लागतो. हे सगळं वयानं होतं असं धरून लोक गप्प बसतात. वयाचा वाटा आहेच, पण सोडून दिलेल्या हालचालींचा वाटाही मोठा आहे, आणि तो बराचसा परत मिळवता येतो. तो कसा मिळवायचा, तेच इथं पायरीपायरीनं सांगते.

रोज चालतो, तरी अंग का धरतं?

आत्तेभावाचा मला पहिला प्रश्न हाच होता. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी फार चांगलं आहे, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण 60 अंशांपर्यंतच वाकतो. जिना चढताना आणि खुर्चीतून उठताना 90 ते 100 अंश. उकिडवं बसायला मात्र 130 अंशांच्या पुढं जावं लागतं. खुबा चालताना जेमतेम 30 अंश पुढं येतो, हात तर खांद्याच्या वर जातच नाही. म्हणजे माणूस रंकाळ्याला दहा फेऱ्या मारो, त्याच्या सांध्यांचा निम्म्याहून अधिक पल्ला चालताना वापरलाच जात नाही.

घरात पूर्वी तो पल्ला आपोआप वापरला जायचा. पाटावर जेवण, जात्यापाशी बसणं, चुलीपुढं उकिडवं, शौचाला उकिडवं, अंगण झाडायला वाकणं, उतरंडीवरचं मडकं काढायला हात वर. आता डायनिंग टेबल, कमोड, ओटा, गाडी, खुर्ची. या सोयी आल्या ते चांगलंच झालं. गुडघ्याची गादी झिजलेल्या बाईला कमोडनं किती सुख दिलं ते मी जवळून बघितलंय. फक्त सोयींबरोबर ज्या हालचाली गेल्या, त्यांची भरपाई आपण कुठंच केली नाही.

लवचिकता वेगळी, मोबिलिटी वेगळी

हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरले जातात. फरक समजायचा तर आत्ता चटईवर उताणं झोपा. एक पाय गुडघ्यात न वाकवता, हातांनी मांडीमागं धरून वर ओढा. कुठपर्यंत आला ते बघा. आता हात सोडा आणि तोच पाय स्वतःच्या जोरावर तिथं धरून ठेवा. बहुतेकांचा पाय खाली येतो. हातांनी ओढून जिथंवर गेला ती लवचिकता, म्हणजे स्नायू किती ताणला जातो ते. स्वतःच्या ताकदीवर जिथं थांबला ती मोबिलिटी, म्हणजे सांधा त्याच्या पल्ल्यात तुमच्या ताब्यात किती आहे ते. रोजच्या जगण्यात कामाला येते ती दुसरी. घसरताना पाय पटकन पुढं टाकायचा असतो, तेव्हा तो हातानं ओढून कुणी देत नाही.

म्हणून नुसतं ताणत बसणं पुरेसं नाही. ताणलेल्या जागी ताकदही लावावी लागते. पुढचे सगळे व्यायाम त्याच हिशेबानं दिले आहेत.

आत काय होतं

सांध्याच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं. स्पंज दाबला की पाणी सुटतं, सोडला की शोषलं जातं, तसा हा द्रव सांधा हलताना कूर्चेत ये-जा करतो. सांध्याभोवतीची पिशवी आणि स्नायू, ज्या लांबीत ते दिवसभर राहतात त्या लांबीला सरावतात. आठ-दहा तास खुर्चीत बसणाऱ्याच्या खुब्यापुढचे स्नायू आखडतात ते असेच.

मणक्यांमधल्या गाद्यांचं एक खास आहे. रात्रभर आडवं पडल्यावर त्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी कंबर ताठलेली वाटते आणि म्हणूनच उठल्याउठल्या खोल पुढं वाकणं त्यांच्यावर जास्त भार टाकतं. पाठदुखी असणाऱ्यानं पहिला अर्धा-पाऊण तास पायाचे अंगठे धरणं, वाकून पाण्याची बादली उचलणं टाळावं. सकाळी सहाला उठून लगेच पादहस्तासन करणारे आणि दहाला माझ्याकडं उसण भरली म्हणून येणारे बरेच असतात.

पायरी पहिली: आपलं अंग मोजा

व्यायाम सुरू करायच्या आधी मोजमाप करा आणि कॅलेंडरवर तारीख टाकून लिहा. घरातलं कुणी जवळ असू द्या.

घोटा: भिंतीकडं तोंड करून उभं राहा. एक पाय पुढं. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा. लागला की पाय थोडा मागं घ्या, परत लावा. टाच न उचलता गुडघा लागतो ते शेवटचं अंतर, अंगठ्यापासून भिंतीपर्यंत, पट्टीनं मोजा. साधारण 10 सेंमी असेल तर घोटा मोकळा आहे. 5-6 सेंमी असेल तर उकिडवं बसताना तुम्ही मागं का पडता, त्याचं उत्तर इथंच मिळालं. दोन्ही पायांत ठळक फरक असेल तर तोही लिहा. जुनी मुरगळ बहुधा त्या पायात सापडते.

खांदा: भिंतीला पाठ, डोकं आणि कंबर टेकवून उभं राहा, पाय वीतभर पुढं. हात सरळ वर नेऊन अंगठे भिंतीला लावा. कंबर भिंतीपासून सुटली तर तो हात खांद्यातून गेला नाही, कंबरेतून गेला. मग एक हात वरून पाठीवर आणि दुसरा खालून वर न्या. बोटं भेटतात का, किती अंतर राहतं, ते मोजा.

तोल: एका पायावर 10 सेकंद, डोळे उघडे, भिंत हाताशी.

जमिनीवर बसून उठणं: ही चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. ब्राझीलमधले डॉ. क्लाउडिओ जिल आराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 जणांकडून ती करून घेतली आणि 2012 साली निष्कर्ष छापले. बसायला 5 गुण, उठायला 5. हात, गुडघा, कोपर, जे काही टेकाल त्याचा एक-एक गुण वजा, तोल डळमळला तर अर्धा. पुढच्या काही वर्षांत कमी गुणवाल्या गटात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. यावरून जमिनीवरून उठलं की आयुष्य वाढतं असा अर्थ काढू नका. ताकद, तोल, वजन आणि सांधे यांचा एकत्र लेखाजोखा त्या एका हालचालीत निघतो, इतकंच. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, तोल जात असेल, तर ही चाचणी करू नका.

आत्तेभावाचे पहिल्या मोजमापात दहापैकी 4 गुण आले. घोटा उजवा 5 सेंमी, डावा 6.

आधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

सकाळचा ताठरपणा अर्धा-एक तास झाला तरी जात नसेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो संधिवात असू शकतो, त्याला औषध लागतं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल, कळ पायात उतरून पाऊल बधिर किंवा लुळं पडत असेल, तर ताणू नका, तपासून घ्या. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा जांघेभोवती बधिरपणा आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, एक रात्रही काढू नका.

हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून जोरानं पुढं वाकणं वर्ज्य. रक्तदाब असेल तर श्वास कोंडू नका आणि डोकं खाली जाईल असे प्रकार टाळा. गरोदरपणात सांधे आधीच सैलावलेले असतात, तेव्हा शेवटच्या टोकापर्यंत ताणू नका. आणि ज्यांचे सांधे जन्मजात फार सैल आहेत, अंगठा मनगटाला लागतो, कोपर उलटं वाकतं, त्यांना आणखी ताणायची गरज नाही. त्यांनी ताकदीचे व्यायाम करावेत.

मधुमेहींसाठी एक खास सूचना. खांदा हळूहळू जखडत जाणं, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, ते 40 ते 60 वयात आणि मधुमेह असणाऱ्यांत जास्त दिसतं. केस विंचरताना, ब्लाउजची मागची हुकं लावताना हात अडू लागला की महिनाभर तेल चोळत बसू नका. लवकर दाखवाल तेवढं बरं.

पायरी दुसरी: अंथरुणातली पाच मिनिटं

डोळे उघडल्यावर पाठीवरच पडून पावलं वर-खाली 20 वेळा. मग गुडघे वाकवून, पावलं गादीवर टेकवून, दोन्ही गुडघे मिळून डावीकडं-उजवीकडं हलके झुकवा, 10-10 वेळा. जेवढं सहज जातं तेवढंच. हात डोक्यावरून मागं नेऊन आळस द्या, लहान मूल देतं तसा मनापासून. कुशीवर वळून, हात टेकून उठा. मान चारही दिशांना सावकाश नेऊन पाच सेकंद थांबा. मान गरागरा गोल फिरवू नका. सकाळचं एवढंच. मुख्य काम अंग तापल्यावर.

पायरी तिसरी: संध्याकाळची वीस मिनिटं

चालून आल्यावर किंवा घरकाम उरकल्यावर करा. थंड अंगानं बसलात तर आधी पाच मिनिटं जागच्या जागी चाला. प्रत्येक ताण 30 सेकंद, दोनदा. साठीच्या पुढच्यांनी मिनिटभरापर्यंत थांबलं तरी चालेल. श्वास सोडत ताणात जायचं, झटके द्यायचे नाहीत. ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही. दहापैकी तीन-चारपर्यंत ओढ ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

घोट्यापासून सुरू करा. मघाची भिंतीची चाचणीच व्यायाम म्हणून करायची. टाच टेकलेली, गुडघा भिंतीकडं नेऊन परत, 15 वेळा, शेवटी तिथंच 30 सेकंद. मग जिन्याच्या पायरीवर पावलाचा पुढचा भाग ठेवून, कठडा धरून टाच खाली सोडा आणि पोटरीच्या जोरावर वर चढा, 10 वेळा. रात्री पोटरीत गोळे येणाऱ्यांपैकी काहींना यानं आराम पडतो.

खुब्याचा पुढचा भाग: घडी केलेल्या गोधडीवर एक गुडघा टेका, दुसरा पाय पुढं काटकोनात. आता पुढं झुकायची घाई करू नका. आधी शेपटीचं हाड आत ओढा, टेकलेल्या बाजूचा कुल्ला आवळा. मांडीच्या वरच्या भागात ओढ तिथंच लागेल. नुसतं पुढं झुकणाऱ्यांची कंबर वाकते आणि ज्याला ताणायचं तो स्नायू तसाच राहतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी बाकी सगळं सोडलं तरी हे सोडू नये.

मांडीमागची शीर आखडलीय असं लोक म्हणतात, ते खरं तर स्नायू असतात. उताणं झोपून तळपायाला पंचा किंवा जुनी ओढणी अडकवा, पाय सरळ वर. ओढ लागली की टाच उलट पंचावर पाच सेकंद दाबा, सोडा, थोडं पुढं या. तीन वेळा. मग पंचा सैल सोडून पाय स्वतःच्या जोरावर तिथंच पाच सेकंद धरा. मघाशी सांगितलेली मोबिलिटी इथं कमावली जाते.

पाठीचा वरचा भाग: टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पाठीखाली, खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकापाशी आडवी ठेवा. गुडघे वाकलेले, डोक्याखाली हात. श्वास सोडत छाती मागं जाऊ द्या, पाच श्वास. गुंडाळी दोन बोटं वर सरकवा, परत पाच. नंतर कुशीवर झोपून, गुडघे एकावर एक, वरचा हात पुस्तक उघडावं तसा मागं उलगडा आणि नजर हातामागं न्या. दोन्ही बाजूंना आठ-आठ वेळा.

यावर थोडं जास्त बोलते, कारण खांदा आणि मान दुखण्याचं मूळ पुष्कळदा इथं असतं. हुपरीच्या बाजूचे एक चांदी कारागीर माझ्याकडं यायचे. तीस वर्षं जमिनीवर बसून पैंजणाचं काम. त्यांचे खुबे असे मोकळे, की मांडी घातली तर दोन्ही गुडघे जमिनीला लागायचे. पण पाठीचा वरचा भाग फळीसारखा. मी हात ठेवून श्वास घ्यायला सांगितलं तर बरगड्या हलल्याच नाहीत. त्यांना खांद्याच्या व्यायामानं काही फरक पडेना. टॉवेलची गुंडाळी दिली, दर तासाला हातातलं काम ठेवून दोन मिनिटं भिंतीला पाठ लावून हात वर घ्यायला लावले, आणि दीड महिन्यात हात डोक्यावर जाऊ लागला. जमिनीवर बसणाऱ्याचं अंग मोकळंच असणार, हा माझाही समज होता. एकाच बैठकीत दिवस काढणारं शरीर, बैठक खुर्चीवरची असो की जमिनीवरची, कुठंतरी धरतंच.

मनगटं आणि बोटं: मुठी उघडा-मिटा, तळवे जोडून कोपरं वर करा. मिनिटभर पुरे. बोटं मोडल्यानं संधिवात होतो ही भीती सोडून द्या, तसं होत नाही.

पायरी चौथी: उकिडवं, आणि मांडी

ही पायरी घाईनं करायची नाही. दीड-दोन महिने लागतात आणि लागू द्यावेत.

पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीवरून उठबस. हात छातीवर, पावलं खांद्याएवढी रुंद, सावकाश बसा, सावकाश उठा, 8-10 वेळा, दोनदा. जमू लागलं की खुर्चीऐवजी स्टूल, मग बुटका स्टूल, मग दोन पाट एकावर एक. गुडघ्याची झीज असेल तर जिथं कळ येते त्याच्या वरच्या उंचीवर थांबा. तुमच्यासाठी तीच योग्य उंची, त्याखाली जायचा हट्ट नको.

गुडघे निरोगी असतील तर तिसऱ्या आठवड्यापासून खिडकीचे गज किंवा भक्कम चौकट धरा. टाचांखाली चादरीची तीन-चार बोटं जाड घडी ठेवा. गज धरूनच खाली जा, हातांवर थोडा भार राहू द्या. 20 सेकंद, तीनदा. खाली असताना गुडघे पावलांच्या दिशेनं उघडे ठेवा, कोपरांनी आतून हलकं बाहेर ढकला, वजन एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर घ्या. दर आठवड्याला चादरीची एक घडी कमी करा. टाच जमिनीला टेकली की हातांचा आधार कमी करत न्या. दिवसभरात मिळून दोन-तीन मिनिटं उकिडवं बसता आलं की पुष्कळ झालं. तासन्‌तास उकिडवं बसून, तेही ओझं उचलत काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसते, तेव्हा जास्त म्हणजे चांगलं असा हिशेब इथं नाही.

मांडी घालताना गुडघे छातीकडं उचललेले राहत असतील आणि पाठ गोल होत असेल, तर खाली उशी किंवा घडी केलेलं घोंगडं घ्या. बूड एवढं उंच करा की गुडघे खुब्याच्या खाली येतील. पाठ आपोआप सरळ होते. पाच मिनिटांनी पुढचा पाय बदला. आपण जन्मभर एकच पाय पुढं घेतो. बदलला की किती परकं वाटतं ते बघा. संध्याकाळची भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास घेणं, टीव्ही बघणं, यातलं एक काम जमिनीवर आणलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उठण्याचा सराव दिवाणाशेजारी करा. मांडीवरून कुशीकडं वळा, दोन्ही गुडघे टेका, एक पाय पुढं रोवा, त्या मांडीवर हात ठेवून उठा. सत्तरीच्या पुढं एकटं राहणाऱ्यांना मी हे आवर्जून शिकवते. न्हाणीघरात पडल्यावर हाड मोडलेलं नसतानाही कुणी येईपर्यंत तसंच पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या अंगात ताकद होती, उठायची वाट विसरली होती.

आत्तेभावानं इथंच सगळ्यांत जास्त वेळ घेतला. पाचव्या आठवड्यापर्यंत चादर निघाली नाही. घोटा 5 वरून 8 सेंमीला आला तेव्हा निघाली.

तालमीतून घेण्यासारखं

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 साली खुलं झालं आणि कुस्ती या शहराच्या हाडीमाशी आहे. तालमीत पोरगं आलं की वस्ताद आधी फावडं हातात देतात, हौद्यातली लाल माती उकरायला लावतात. अंग तापवायची ती उत्तम रीत. ताणून धरायचे प्रकार शेवटी. आधुनिक क्रीडाशास्त्रही हेच सांगतं. जोराच्या कामाआधी एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त ताणून धरला तर त्याची ताकद काही वेळ उणावते, म्हणून आधी हालचाल, मागून ताण.

जोर बघा. हातपाय जमिनीवर, कंबर उंच, तिथून छाती जमिनीलगत नेऊन पुढं सरकत डोकं वर. एका फेऱ्यात पोटऱ्या, मांडीमागचे स्नायू, खांदे, पाठीचा कणा, सगळं पूर्ण पल्ल्यात आणि ताकदीनं काम करतं. घरच्या माणसाला जमिनीवरचे जोर जमणार नाहीत. त्यांनी ओट्याच्या कडेवर हात ठेवून, दोन पावलं मागं सरून तेच करावं. कंबर मागं नेऊन पाठ लांब करा, मग छाती ओट्याकडं आणून वर बघा. भाजी शिजेपर्यंत आठ-दहा होतात.

कुस्ती सोडलेल्या पैलवानांना माझं कळकळीचं सांगणं आहे. खुराक तोच राहतो आणि मेहनत थांबते, आणि चाळिशीत तेच खांदे वर जाईनासे होतात. जोर-बैठकांची संख्या कमी करा, एकदम बंद करू नका.

ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे

खुर्चीत काम असेल तर अर्ध्या तासानं उठा, मागं वाका, दोन पावलं चाला. उद्यमनगरात, शिरोलीला मशीनवर उभं राहणाऱ्यांनी पायाखाली चार बोटं उंच पाट ठेवून आलटून-पालटून एक पाय त्यावर घ्यावा, कंबरेचा ताण उतरतो. भांगलण करणाऱ्या बायकांनी एका सरीला वाकून, एका सरीला बसून काम करावं आणि सरी संपली की कंबरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागं वाकावं. दुचाकीवर रोज तासभर जाणाऱ्यांनी खुब्याच्या पुढचा ताण आणि टॉवेलची गुंडाळी चुकवू नये.

चैत्रात जोतिबाला चालत जायचं असेल तर सहा आठवडे आधी जिन्याची टाच-सोड आणि स्टुलावरची उठबस सुरू करा. डोंगर चढताना दम लागतो, पण गुडघ्याला त्रास होतो तो उतरताना. उतरताना पावलं लहान ठेवा, गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. सासनकाठी, म्हणजे यात्रेतली उंच सजवलेली काठी, नाचवणाऱ्यांनी त्याच सहा आठवड्यांत खांद्यावर मेहनत घ्यावी. भिंतीला पाठ लावून हात वर नेणं रोज, आणि जोर एक दिवसाआड.

तेल-मालिशीबद्दल नेहमी विचारतात. मालिशीनं बरं वाटतं, दुखणं हलकं होतं, जरूर करा. पण मालिश करणाऱ्याच्या हातानं तुमची मोबिलिटी वाढत नाही. मालिशीनंतर अंग सैल असतं तेव्हाच वरचे व्यायाम केले तर तिचा उपयोग दुप्पट होतो.

किती दिवसांनी फरक पडतो

दहा-पंधरा दिवसांत ओढ कमी जाणवू लागते. स्नायू लांबला म्हणून नव्हे, मेंदू तो ताण सहन करायला शिकला म्हणून. म्हणून इथं थांबू नका, खरा बदल पुढच्या आठवड्यांत होतो. रोज जमलं तर उत्तम, आठवड्यातून दोन-तीन दिवसांच्या खाली जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि 65 च्या पुढच्यांना तीन किंवा अधिक दिवस तोलाचे व ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. आपली वीस मिनिटं चालण्याची जागा घेत नाहीत, ती चालण्याच्या जोडीला आहेत.

लग्नकार्यात, ऊस तोडणीच्या दिवसांत खाडे पडतात. आठवडाभर खंड पडला तर जिथं सोडलं तिथून न धरता एक पायरी मागून सुरू करा. स्टुलावर असाल तर खुर्चीवर या.

सहा आठवड्यांनी त्याच भिंतीशी, त्याच पट्टीनं परत मोजा. घोटा दोन-तीन सेंमी पुढं गेला असेल, बसून उठताना एक टेकू कमी झाला असेल, तर आहे तेच चालू ठेवा. आकडा जागचा हलला नसेल तर आधी किती दिवस खरंच केलं ते कॅलेंडरवर मोजा. दिवस भरले असतील आणि तरी एकच बाजू अडत असेल, किंवा टोकाशी ओढ न लागता दगडावर आपटल्यासारखं थांबत असेल, तर तो आखडलेला स्नायू नव्हे, सांध्याच्या आतला अडथळा असू शकतो. तेव्हा व्यायाम वाढवू नका. कॅलेंडरचं ते पान घेऊन फिजिओथेरपिस्टकडं किंवा हाडांच्या डॉक्टरांकडं जा.